एका उड्डाणापुरतं इंजिन

26 ऑगस्ट 2002 रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीच्या धावपट्टीवरून एक छोटं जेट विमान वर गेलं, सुमारे तासभर हवेत राहिलं आणि सुखरूप उतरलं. विमानाचं नाव इक्लिप्स 500. सहा जण बसतील एवढंच, दोन इंजिनांचं. त्या काळी जेट घ्यायचं तर कित्येक दशलक्ष डॉलर मोजावे लागत. हे विमान दहा लाख डॉलरच्या आत देऊ, असं त्याचे निर्माते सांगत होते. पहिलं उड्डाण निर्विघ्न पार पडलं म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं विमान बांधणाऱ्यांत मानलं जातं. इक्लिप्सच्या बाबतीत खरी लढाई त्या दिवसानंतर सुरू झाली. ज्या दोन इंजिनांनी त्या दिवशी विमान उचललं, त्यांनी ते पुन्हा कधीच उचललं नाही. तीन महिन्यांत कंपनीने इंजिन बनवणाऱ्यांशी संबंध तोडले. हातात विमान होतं, पण त्याला उडवणारं काही नव्हतं.

ही पाळी का आली, हे समजायला थोडं मागे जायला हवं. 1978 साली अमेरिकेत छोटी विमानं वर्षाला सुमारे 17,800 बनत होती. 1994 मध्ये हा आकडा हजाराच्याही खाली गेला. अपघातांनंतरच्या खटल्यांनी आणि विम्याच्या हप्त्यांनी हा धंदा पार पिचून गेला होता. शिवाय विमानांत वापरली जाणारी पिस्टन इंजिनं मुळात कित्येक दशकांपूर्वीची होती. हा उद्योग पुन्हा उभा करायचा तर इंजिनापासून सुरुवात केली पाहिजे, असं नासाला वाटलं. त्यातून 1996 च्या सुमारास छोट्या विमानांच्या इंजिनांसाठी एक स्वतंत्र कार्यक्रम निघाला, आणि त्यातलं टर्बोफॅन इंजिनाचं काम मिशिगनमधल्या विल्यम्स इंटरनॅशनल या कंपनीकडे आलं.

विल्यम्स ही काही कालची पोरं नव्हती. संस्थापक सॅम विल्यम्स यांनी लहान जेट इंजिनांत अख्खं आयुष्य घातलेलं. टॉमाहॉक क्रूझ क्षेपणास्त्राला लागणारं छोटं टर्बोफॅन त्यांचंच. त्या कामगिरीसाठी अमेरिकी विमानविद्येतला मानाचा कोलियर करंडक 1978 साठी त्यांना मिळाला होता. पुढे त्यांच्याच एफजे44 इंजिनावर सेसनाचं सायटेशनजेट उभं राहिलं. अशा माणसाने नासाच्या मदतीने एफजेएक्स-2 नावाचं इंजिन हाती घेतलं. 700 पौंड रेटा देणारं, आणि वजन शंभर पौंडांच्या आत. इंजिन कुठे शोभेल हे दाखवायला बर्ट रुटान यांच्या स्केल्ड कॉम्पोझिट्स या कंपनीकडून व्ही-जेट 2 नावाचं देखणं प्रात्यक्षिक विमान बनवून घेतलं. पुढे झुकलेले पंख, व्ही आकाराची शेपटी. 1997 मध्ये ऑशकॉशच्या प्रसिद्ध विमानमेळ्यात ते उडालं तेव्हा त्याला विल्यम्सची आधीचीच इंजिनं होती, कारण एफजेएक्स-2 अजून जन्मायचं होतं.

त्या विमानाने व्हर्न रेबर्न यांना भुरळ घातली. रेबर्न मायक्रोसॉफ्टच्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी. पुढे लोटस, सिमँटेक आणि पॉल अॅलन यांच्या उद्योगांत मोठ्या हुद्द्यांवर राहिलेले. स्वतः वैमानिक, जुन्या विमानांवर जीव असलेले, चार इंजिनांचं लॉकहीड कॉन्स्टलेशन बाळगून असलेले. संगणक दरवर्षी स्वस्त होत गेला, मग विमान का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. 1998 मध्ये त्यांनी इक्लिप्स एव्हिएशन काढली. बिल गेट्स यांनीही त्यात पैसा घातला. व्ही-जेटचं प्लास्टिक अंग बाजूला ठेवून त्यांनी अॅल्युमिनियमचं सरळ, नेहमीच्या धाटणीचं विमान आखलं. इंजिन मात्र तेच धरलं. एफजेएक्स-2 चा व्यापारी अवतार म्हणजे ईजे22: 770 पौंड रेटा, वजन सुमारे 85 पौंड.

या दोन आकड्यांपाशी जरा थांबावं लागेल, कारण पुढचं सगळं त्यांच्यात दडलेलं आहे. 770 ला 85 ने भागलं की नऊच्या वर उत्तर येतं. म्हणजे हे इंजिन स्वतःच्या वजनाच्या नऊपट रेटा देणार होतं. विल्यम्सच्याच एफजे44 चा हा हिशेब चारच्या आसपास होता, आणि ते इंजिन चांगलंच गणलं जात होतं. लढाऊ विमानाच्या इंजिनाला साजेसा हा आकडा नागरी प्रवासी विमानाच्या चिमुकल्या इंजिनात आणायचा होता.

आणि इंजिन लहान केलं की अडचणी लहान होत नाहीत. पंख्याच्या आणि टर्बाइनच्या पात्यांचं टोक आणि बाहेरचं कवच यांच्यात फट ठेवावीच लागते. तापलेला धातू पसरतो, फट नसेल तर पाती घासतील. मोठ्या इंजिनात उंच पात्यापुढे ही फट नगण्य ठरते. नखाएवढ्या पात्यापुढे तीच फट मोठी होते, आणि हवा तिथून निसटून वाया जाते. इंधनाचा फवारा, बेअरिंगला तेल, सुरू करायला लागणारी ताकद, विमानाला पुरवायची वीज, ही कामं मोठ्या इंजिनाइतकीच करावी लागतात, फक्त जागा मुठीएवढी असते. क्षेपणास्त्राचं इंजिन एकदाच, काही तासच चालायचं असतं. प्रवाशांना नेणारं इंजिन हजारो वेळा सुरू आणि बंद होणार, शेकडो तास उघडल्याशिवाय चालणार, पक्षी आत गेला तरी फुटून बाहेर येणार नाही. या दोन गरजांमधलं अंतर भरून काढणं हेच ईजे22 चं सगळं काम होतं.

अजून न झालेल्या इंजिनाभोवती विमान आखण्याची फळं आपण भारतात चाखलेली आहेत. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांनी बंगळूरला मारुत या लढाऊ विमानाची आखणी केली ती आफ्टरबर्नर असलेलं ऑर्फियस 12 हे इंजिन मिळणार या भरवशावर. इंग्लंडने ते इंजिन सोडून दिलं. 17 जून 1961 रोजी मारुत उडालं ते दुबळ्या ऑर्फियस 703 वर, आणि पुढची सगळी वर्षं त्याला तेवढ्याच ताकदीवर काढावी लागली. टँक यांच्या विमानाचं अंग इतकं सुरेख होतं की आजही त्याबद्दल हळहळ वाटते. मारुतच्या वेळी इंजिन बदलण्याइतका वेळ, पैसा आणि पर्याय आपल्याकडे नव्हता. इक्लिप्सकडे पैसा होता. पर्याय आहे का, हे त्यांना शोधायचं होतं.

2002 च्या उन्हाळ्यात ईजे22 ची गाडी पुढे सरकत नव्हती. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तिथली ऑगस्टमधली विरळ, तापलेली हवा कुठल्याही इंजिनाची ताकद कमी करते. तिथेच ते पहिलं आणि शेवटचं उड्डाण झालं. नोव्हेंबरच्या अखेरीस इक्लिप्सने जाहीर केलं की विल्यम्सने करारातल्या अटी पाळलेल्या नाहीत आणि हे इंजिन आमच्या विमानाला चालणारं नाही. विल्यम्सची बाजू वेगळी होती. विमानाचं वजन वाढत गेलं आणि इंजिनाकडून मागण्याही वाढल्या, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. विमान बांधताना वजन वाढतंच. ते वाढणार हे गृहीत धरून इंजिनात थोडी ताकद राखून ठेवायची असते. इथे पहिल्याच दिवसापासून राखीव काही ठेवलेलंच नव्हतं. 4,700 पौंडांच्या विमानाला जेमतेम पुरेल एवढंच इंजिन, आणि ते इंजिनही कागदावरचं.

ऐन घाटात बैल बदलावे तसा हा प्रसंग होता. चढ अर्धा झालेला, गाडी भरलेली, मागे उतार. ग्राहकांनी अनामत भरलेली, दोन हजारांहून अधिक मागण्या हाती असल्याचं कंपनी सांगत होती, आणि करार तुटल्याची बातमी जगभर गेलेली. अशा वेळी अनेक कंपन्यांनी हात टेकले असते. रेबर्न यांनी तसं केलं नाही, आणि पुढच्या काही महिन्यांत जे झालं ते मला या सगळ्या कथेतलं सर्वांत कसदार काम वाटतं.

पहिली गोष्ट, त्यांनी उड्डाणं थांबवली नाहीत. नवं इंजिन येईपर्यंत विमान गोदामात उभं ठेवायचं म्हणजे दोन वर्षं काहीच न शिकता काढायची. त्याऐवजी त्यांनी टेलेडाइनची 382-10ई नावाची छोटी टर्बोजेट इंजिनं आणली. ती मुळात मानवरहित उड्डाणांसाठीची. इंधन भसाभस खाणारी, कर्कश, प्रवासी विमानाला कायमची कधीच न चालणारी. पण 2003 मध्ये ती चाचणी विमानाला लावून अभियंते विमानाचं अंग तपासत राहिले. सुकाणू हाताला कसं लागतं, वेग कमी झाला की विमान कसं वागतं, चाकं आणि फ्लॅप नीट चालतात का, हे सगळं कुठल्याही इंजिनावर कळतं. इंजिन आणि विमान ही दोन कामं त्यांनी वेगळी केली, आणि एकाच्या अपयशात दुसऱ्याला बुडू दिलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाची निवड. माँट्रियलजवळ मुख्यालय असलेली प्रॅट अँड व्हिटनी कॅनडा ही कंपनी अशाच छोट्या जेटसाठी पीडब्ल्यू600 नावाचं कुटुंब तयार करत होती. त्याचं पहिलं प्रात्यक्षिक इंजिन 2001 मध्येच चाचणीच्या बाकावर चाललेलं होतं. एकच आखणी, पण हव्या त्या रेट्यानुसार लहान-मोठी करता येईल अशी. सप्टेंबर 2002 मध्ये, म्हणजे इक्लिप्सच्या पहिल्या उड्डाणानंतर जेमतेम पंधरवड्यात, सेसनाने आपल्या मस्टँगची घोषणा केली ती याच कुटुंबातल्या पीडब्ल्यू615एफ वर. फेब्रुवारी 2003 मध्ये इक्लिप्सने त्याचं धाकटं भावंड निवडलं: पीडब्ल्यू610एफ, 900 पौंड रेटा.

770 वरून 900 म्हणजे रेटा सुमारे सतरा टक्क्यांनी वाढला. वजन मात्र 85 वरून 260 पौंडांच्या आसपास गेलं, तिपटीहून जास्त. एका सामान्य, विश्वासार्ह, सर्टिफिकेट मिळवू शकणाऱ्या छोट्या टर्बोफॅनचं वजन एवढंच असतं. दोन इंजिनं धरली तर विमानावर साडेतीनशे पौंड, म्हणजे 160 किलो आणखी चढले. सहा आसनांच्या विमानात हे दोन मोठ्या माणसांचं ओझं झालं.

आणि ते ओझं शेपटीपाशी. इक्लिप्सची इंजिनं मागे, अंगाच्या दोन बाजूंना बसतात. तिथे वजन वाढलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, आणि विमान नाक वर करण्याकडे झुकू लागतं. मग पुढच्या आणि मधल्या भागाची मांडणी बदला. इंजिन धरणारे आडवे खांब मजबूत करा. इंजिन मोठं, तर आवरण मोठं. आवरण मोठं, तर हवेचा अडथळा जास्त. अडथळा जास्त, तर तेवढंच अंतर जायला इंधन जास्त. इंधन जास्त, तर पंख आणि चाकांवर भार जास्त, म्हणून तेही मजबूत करा. या चक्राला कुठे थांबवायचं हे ठरवणं फार कठीण असतं. इक्लिप्सचं उड्डाणवजन 4,700 पौंडांपासून निघालं आणि शेवटी सहा हजारांच्या घरात स्थिरावलं. इंजिन बदललं असं आपण म्हणतो, पण खरं तर त्याच नावाचं दुसरं विमान बांधावं लागलं.

ते बांधलं गेलं, आणि उत्तम बांधलं गेलं. 31 डिसेंबर 2004 रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, पीडब्ल्यू610एफ लावलेलं इक्लिप्स उडालं. पहिल्या उड्डाणाला दोन वर्षं चार महिने झाले होते. या काळात कंपनीने आणखी एक धाडस तडीस नेलं होतं. पत्रे रिव्हेट ठोकून जोडण्याऐवजी त्यांनी फ्रिक्शन स्टर वेल्डिंग वापरलं. फिरतं हत्यार दोन पत्र्यांच्या सांध्यात घुसतं, घर्षणाने धातू मऊ होतो, न वितळता एकमेकांत कालवला जातो. एका विमानात सात हजारांहून अधिक रिव्हेट वाचले. 2005 चा कोलियर करंडक इक्लिप्सला मिळाला. 27 जुलै 2006 ला ऑशकॉशच्या मेळ्यात अमेरिकी विमान प्रशासनाच्या प्रमुख मॅरियन ब्लेकी यांनी तात्पुरतं सर्टिफिकेट दिलं, आणि 30 सप्टेंबरला पूर्ण टाइप सर्टिफिकेट हाती आलं.

विमान उडवणाऱ्यांनी त्याच्या इंजिनाला नावं ठेवल्याचं क्वचितच ऐकू येतं. शांत, इंधनाला काटकसरी, संगणकाने नियंत्रित. चालू करायला एक खटका. तांत्रिक निर्णय म्हणून 2003 चा तो बदल शंभर टक्के बरोबर होता. मग कंपनी का बुडाली?

माझ्या मते उत्तर किमतीच्या पाटीवर आहे. ईजे22 च्या काळात जाहीर केलेली किंमत होती 8,37,500 डॉलर. इंजिन बदलल्यावर ती साडेनऊ लाखांवर नेली. विमान जवळपास दुसरंच झालं, वजन सव्वापट झालं, दोन वर्षांहून अधिक काळाचा खर्च आणि पगार डोक्यावर बसला, आणि किंमत वाढली ती जेमतेम तेरा-चौदा टक्के. सेसना आपल्या मस्टँगला बावीस लाखांहून अधिक मागत होती. ती कंपनी हे काम अनेक दशकं करत आलेली, तिला विमान बनवायला काय पडतं ते ठाऊक होतं. इक्लिप्सचा स्वस्ताईचा हिशेब वर्षाला शेकडो विमानं निघतील यावर उभा होता. तशी निघाली तर सुटे भाग स्वस्त, भाग स्वस्त तर विमान स्वस्त. त्या साखळीची पहिली कडी होती हलकं, स्वस्त, क्रांतिकारी इंजिन. कडी निखळली, ती दुसऱ्या, जड आणि नेहमीच्या कडीने जोडली, आणि साखळीच्या दुसऱ्या टोकाचं वचन तसंच ठेवलं. 2003 मध्येच ग्राहकांसमोर उभं राहून हे विमान आता एवढ्याला मिळणार नाही असं सांगायला हवं होतं. अनामती परत गेल्या असत्या, कंपनी लहान झाली असती, पण कदाचित टिकली असती. रेबर्न यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे, म्हणूनच त्यांनी हे एक धैर्य दाखवलं नाही याचं वाईट वाटतं.

घाईच्या खुणा पुढे सगळीकडे दिसू लागल्या. पहिल्या विमानांनी वेगाचं आणि पल्ल्याचं जाहीर केलेलं माप गाठलं नाही, म्हणून पंखांच्या टोकांच्या टाक्या मोठ्या कराव्या लागल्या आणि हवेचा अडथळा कमी करायला बारीकसारीक बदल करावे लागले. 2007 मध्ये कॉकपिटमधली सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नव्या पुरवठादारांकडून पुन्हा घडवून घ्यावी लागली. आधी दिलेली विमानं मागाहून सुधारून द्यायची, त्याचा भार वेगळाच.

5 जून 2008 ला शिकागोच्या मिडवे विमानतळावर जे घडलं ते अंगावर काटा आणणारं आहे. उतरताना वाऱ्याचा झोत आला म्हणून वैमानिकांनी थ्रॉटल जोरात पुढे रेटले. चाकं टेकल्यावर थ्रॉटल मागे ओढले, पण दोन्ही इंजिनं पूर्ण ताकदीनेच चालत राहिली. थ्रॉटलच्या जागेचा संकेत ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला होता, आणि इंजिनांच्या संगणकांनी तो बिघाड मानून शेवटची आज्ञा धरून ठेवली होती. वैमानिकांनी विमान पुन्हा वर नेलं, पुस्तिका उघडली, एक इंजिन बंद केलं. त्यावर दुसरं अगदी मंद गतीवर आलं आणि तिथेच अडलं. ताकद जवळपास नसलेलं विमान त्यांनी धावपट्टीवर उतरवलं. टायर फुटले, पण आतले चौघेही वाचले. आठवड्याभरात प्रशासनाने सगळ्या इक्लिप्स विमानांसाठी तातडीचा आदेश काढला. इंजिनात दोष नव्हता, वैमानिकांत नव्हता. थ्रॉटल आणि इंजिन यांच्यातला एक संवाद कुणी शेवटपर्यंत तपासला नव्हता.

त्या उन्हाळ्यात किंमत साडेएकवीस लाखांवर गेली, मस्टँगच्या अगदी जवळ. हवाई टॅक्सीचं स्वप्न घेऊन इक्लिप्सची 28 विमानं उडवणारी फ्लोरिडाची डेजेट सप्टेंबर 2008 मध्ये बंद पडली. सर्वांत मोठा ग्राहकच गेला. रेबर्न यांना जुलैतच पायउतार व्हावं लागलं होतं. 25 नोव्हेंबरला कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितलं, आणि 2009 च्या सुरुवातीला तिची मालमत्ता विकायला निघाली. तोवर सुमारे 260 विमानं बनली होती. त्याच वर्षी नव्या मालकांनी सगळं मिळून चार कोटी डॉलरला विकत घेतलं आणि जुनी विमानं दुरुस्त करून, सुधारून देत राहिले.

ईजे22 ला सर्टिफिकेट कधीच मिळालं नाही. सॅम विल्यम्स यांच्या कंपनीने तो मार्ग सोडला, पण छोटी जेट सोडली नाहीत. त्यांचं मोठं, जड, शहाण्या मापाचं एफजे33 आज सायरसच्या एका इंजिनाच्या व्हिजन जेटला उडवतं. आणि पीडब्ल्यू600 कुटुंबाचं तर उत्तम चाललं. सेसनाने 2017 पर्यंत 479 मस्टँग ग्राहकांच्या हाती दिली, ब्राझीलच्या एम्ब्रायरने फेनम 100 त्याच कुटुंबातल्या पीडब्ल्यू617एफ वर उभं केलं. या दोन्हींतलं कुठलंही विमान दहा लाखांच्या आत विकलं गेलं नाही, आणि तसं वचनही कुणी दिलं नव्हतं.